ओसाकातले 'कोबे' आणि नाशिकची पावती

गेल्या एप्रिलमध्ये नाशिकहून आम्ही चौदा जण जपानच्या सहलीला गेलो, तेव्हा कॉलेज रोडवरील आमच्या सहल संयोजकाने ठरलेल्या रकमेव्यतिरिक्त 'कोबे बीफ डिनर' या नावाने माणशी १६,५०० रुपये घेतले. नऊ जणांनी ते भरले आणि त्यात मी व माझी पत्नी होतो. आम्ही शरणपूरचे ख्रिस्ती; रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मंद आचेवर दोन तास शिजणारा रस्सा आमच्या घरी तीन पिढ्यांपासून आहे. २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने त्या पातेल्यात आता केवळ म्हशीचे मांस असते. त्यामुळे जगातील सर्वांत नावाजलेले गोमांस, जिथे ते कायदेशीर आहे तिथे जाऊन, आयुष्यात एकदा चाखावे, असा मोह मला झाला. मोहाची किंमत वेगळी आणि फसवणुकीची वेगळी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ओसाकातील ज्या उपाहारगृहात आम्हाला नेले, तेथे मांस खरोखरच चांगले होते, हे आधी सांगतो. तापलेल्या लोखंडी तव्यासमोर आम्हाला ओळीने बसवले, आचाऱ्याने लसणाच्या चकत्या परतून बाजूला सारल्या आणि प्रत्येकासमोर दीडशे ग्रॅमचा तुकडा भाजून, लहान फोडी करून ठेवला. मऊ होते, चवीला गोडसर होते, आणि मंडळींनी 'वा, कोबे ते कोबेच' म्हणून माना डोलावल्या. प्रवेशद्वारापाशी एका काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने काही जपानी अक्षरे व त्याखाली दहा आकडी क्रमांक लिहिला होता. मला वाटले दूरध्वनी क्रमांक असावा. सवयीने मी त्याचा आणि मेनूकार्डाचा फोटो काढून ठेवला. पुढे जे काही हाती लागले ते या दोन फोटोंमुळेच.

दोन दिवसांनी नागोयाला मुक्काम होता आणि तेथे नोकरी करणारा माझा पुतण्या आम्हाला हॉटेलवर भेटायला आला. फोटो पाहून तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "काका, मेनूत कोबे हा शब्दच नाही." जे ताट आम्ही खाल्ले होते त्यापुढे ३,८५० येन, म्हणजे साधारण दोन हजार दीडशे रुपये, अशी किंमत होती, आणि नावाच्या जागी 'कोकुसान-ग्यू' म्हणजे देशी बीफ असे स्वच्छ लिहिलेले होते.

येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक जण याच ठिकाणी गंडतो. जपानमध्ये वाढलेल्या कोणत्याही जातीच्या गुराचे मांस 'कोकुसान-ग्यू' ठरू शकते, अगदी दुधासाठी पाळलेल्या होल्स्टीनचेसुद्धा. 'वाग्यू' हे नाव मात्र तेथे चार ठरावीक जातींना व त्यांच्या आपापसातील संकराला, आणि तेही जपानमध्ये जन्मून वाढलेल्या जनावरांना, लावता येते. 'कोबे' त्याहून कितीतरी अरुंद आहे: ह्योगो प्रांतात जन्मलेले व वाढलेले ताजिमा वंशाचे जनावर, त्याच प्रांतातील नेमलेल्या कत्तलखान्यात कापलेले, आणि मांसातील चरबीच्या जाळीला १ ते १२ या मापात किमान ६ गुण मिळालेले. येवल्याच्या हातमागावरील पैठणी, यंत्रमागावरील पैठणी आणि नुसता पैठणीचा काठ लावलेली साडी यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. फरक इतकाच की आपल्या आयाबाया साडी उलटी करून पाहतात आणि आम्ही तुकडा तोंडात घालून मोकळे झालो.

संयोजकाच्या पत्रकात 'ए५' असेही मोठ्या अक्षरात होते. त्यातील 'ए' चा चवीशी काहीही संबंध नाही; धडातून विकण्याजोगे मांस किती निघते, एवढेच ते अक्षर सांगते. गुणवत्ता सांगणारा भाग म्हणजे पुढचा आकडा.

आता तो खडूने लिहिलेला क्रमांक. जपानमध्ये प्रत्येक गुराला दहा आकडी ओळख क्रमांक असतो, आणि २००३ मध्ये झालेल्या कायद्यामुळे तो दुकानातील मांसापर्यंत, तसेच स्टेक, सुकियाकी, याकिनिकू अशा पदार्थांच्या उपाहारगृहांपर्यंत पोहोचवावा लागतो. पुतण्याने तो सरकारी संकेतस्थळावर टाकला आणि अर्ध्या मिनिटात आमच्या जेवणाची कुंडली समोर आली: संकरित जात, जन्म होक्काइदोचा, आणि वाढवलेले कुठे, तर ज्या नागोयात बसून आम्ही हे वाचत होतो त्याच आइची प्रांतात. ह्योगोचे नावही नव्हते. ओसाकाच्या त्या उपाहारगृहाने आम्हाला काडीचेही फसवले नव्हते; त्याने तर खरे काय ते दारावर लिहून ठेवले होते. लबाडी झाली ती नाशिकमध्ये, पावती फाडताना.

त्या संध्याकाळी पुतण्याने शेजारच्या गिफू प्रांतातील 'हिदा' या नावाजलेल्या वाग्यूचे तीनशे ग्रॅम मांस खाटकाकडून आणले आणि घरच्याच तव्यावर भाजले. चिठ्ठीवर क्रमांक होता, तोही त्याने मला तपासून दाखवला. कच्चा तुकडा मी बोटांत धरला, तर बोलता बोलता त्याची चरबी बोटांना लागू लागली, इतक्या कमी उष्णतेला ती वितळते. पहिला घास अपूर्व होता. दुसरा, तिसराही. पाचव्या घासानंतर मात्र तुपात भिजवलेली पुरणपोळी चौथ्यांदा वाढली जावी तसे झाले आणि पत्नीने ताट सरळ बाजूला केले. म्हणून हा पैसा वसूल होतो का, असे मला विचाराल तर खऱ्या मालाच्या साठ-सत्तर ग्रॅमसाठी होतो, दीडशे ग्रॅमच्या स्टेकसाठी होत नाही. रस्सा करण्यासाठी तर मुळीच नाही. त्यासाठी आपले म्हशीचे मांसच बरे.

नाशिकला परतल्यावर संयोजकाकडे गेलो, तर तो म्हणाला, "काका, तिकडचं सगळं कोबेच असतं हो." पावती दाखवल्यावर त्याने सूर बदलला आणि पुढच्या सहलीत सवलत देऊ केली. वर असेही सुचवले की त्याच्या ओळखीचा एक जण गोठवलेले अस्सल वाग्यू नाशिकमध्ये घरपोच देतो. भारतात कोणत्याही स्वरूपातील गोमांसाच्या आयातीला बंदी आहे. तेव्हा असे घरपोच येणारे पाकीट एकतर खोटे असते किंवा बेकायदा, आणि आगाऊ पैसे बुडाले तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

माझी तक्रार मात्र उभी राहू शकली, कारण पावतीवर 'कोबे बीफ ए५ डिनर' असे छापलेले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. मला तिथवर जावे लागले नाही. वकिलाची नोटीस गेल्यावर अकराव्या दिवशी आम्हा दोघांचे मिळून वीस हजार रुपये खात्यात जमा झाले, सोबत 'सद्भावना म्हणून परतावा' असे पत्र. उरलेल्या सात जणांना मी क्रमांक, फोटो आणि नोटिशीचा मसुदा पाठवला आहे. त्यांपैकी दोघांनी पैसे मागितले. एका गृहस्थांनी कळवले की आपण जे खाल्ले ते कोबेच होते असे ते सगळ्यांना सांगून बसले आहेत, तेव्हा त्यांचे नाव यात घेऊ नये.