केफ की हार्बेथ? गादीवर बसून ऐकणाऱ्याचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. केफ एलएस ५० मेटा हे स्पीकर घरी राहिले, मित्राकडून उसने आणलेले हार्बेथ पी३ईएसआर परत गेले. ‘गळा ऐकायचा तर हार्बेथच’ असं जाणकार सांगतात, आणि ते खोटं नाही. तरीही इंदुरात रामबागेतल्या आमच्या बारा बाय चौदाच्या खोलीत केफ सरस ठरले, ते आमच्या बसण्याच्या पद्धतीमुळे.

आमच्या गाण्याच्या खोलीत सोफा नाही. गादी, लोड आणि गुडघेदुखीमुळे आईपुरती एक खुर्ची. लोडाला रेललेल्या माणसाचा कान आणि खुर्चीतल्या आईचा कान यांत सहज फूटभराचा फरक पडतो. बहुतेक स्पीकरमध्ये ट्वीटर (उंच स्वरांचा) वर, वूफर (खालच्या स्वरांचा) खाली. कानाची उंची बदलली की दोघांपासूनचं अंतर कमीजास्त होतं आणि जिथे एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं, तिथला आवाज थोडा बदलतो. केफमध्ये ट्वीटर सव्वापाच इंची वूफरच्या बरोबर मधोमध बसवलाय, त्यामुळे ही भानगडच नाही. केफमध्ये ही अदलाबदल होते २१०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीच्या, त्या झंकाराच्या ऐन मुलखात. हार्बेथवर आई म्हणायची, “तंबोरा काय सुरेख बोलतोय,” आणि मला खाली तोच किंचित दबलेला वाटायचा. केफवर दोघांना एकच तंबोरा ऐकू येतो.

खरं तर दोघांचं घराणं एकच. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा चिमुकला मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचा स्पीकर, तयार केला. त्यातले ड्रायव्हर, म्हणजे ट्वीटर आणि वूफर, केफचे होते. हार्बेथ कंपनी १९७७ मध्ये सुरू केली ती बीबीसीतच संशोधन केलेल्या डडली हारवूड यांनी. केफचा एलएस ५० आला २०१२ मध्ये, त्याच जुन्या मॉनिटरची याद ठेवून. ट्वीटरमागचा नकोसा आवाज शोषणारी चक्रव्यूहासारखी चकती घातलेला ‘मेटा’ २०२० चा.

इंदूरकर म्हटल्यावर परीक्षा अमीर खाँसाहेबांच्या गाण्यावरच व्हायची. झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल, ठेका अगदी साधा, दोन मात्रांमध्ये भरपूर मोकळी जागा. ती जागा या स्पीकरवर रिकामी वाटत नाही. तंबोरा मागे चालू राहतो आणि खाँसाहेब मंद्रात उतरले की आवाज खाली जातो, पण मागे सरकत नाही. जुनं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणारं, ध्वनिमुद्रण लावलं की गळा दोन स्पीकरांच्या नेमका मध्ये उभा राहायला हवा. सुरुवातीला तो डावीकडे कलायचा. दोष स्पीकरचा नव्हता. डावीकडे उघडी भिंत आणि उजवीकडे कपड्यांची उघडी मांडणी, मग दुसरं काय होणार? भिंतीवर आजीची जाड गोधडी टांगली, कोटा फरशीवर दुहेरी सतरंजी घातली, गळा मधे आला. कुमारजींच्या (कुमार गंधर्वांच्या) गाण्यात दोन तुकड्यांमधला श्वास इतका स्पष्ट येतो, की त्यांची लयीची फेक का तशी होती हे कानाला कळतं.

हार्बेथचा गळा अधिक उबदार, अधिक ‘माणसाचा’ आहे, हे मान्यच. माणिकबाईंसारखा (माणिक वर्मांसारखा) आवाज त्यावर ऐकताना केफची आठवणही येत नाही. खराब ध्वनिमुद्रणालाही तो सांभाळून घेतो. केफ घेत नाही. टेपची खरखर, माइकवर फाटलेला स्वर, सगळं समोर ठेवतो.

आता खर्ज. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास, आणि केफचा आवाज ७९ च्या खाली उतरू लागतो. तंबोऱ्याचं त्यावाचून अडत नाही, कारण त्याचं सगळं वैभव वरच्या स्वरांत. डग्ग्याचं मात्र अडतं. घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला आवाज, ऐकू येतो, पण छातीत लागत नाही. पखवाज तर पोरका वाटतो. केफचं आवाजाचं छिद्र मागच्या बाजूला असल्यामुळे भिंतीपासून दोन फूट तरी पुढे ओढावे लागतात, नाहीतर खर्ज नुसता गुरगुरतो. सोबत मिळणारे फोमचे बोळे अर्धे घातले की बरं. हार्बेथ बंद पेटीचा, भिंतीजवळही शहाण्यासारखा वागतो.

दोघेही ॲम्प्लिफायर खातात, म्हणजे त्याची बरीच ताकद मागतात. केफची संवेदनशीलता (ठरावीक ताकदीवर किती मोठा वाजतो ते) ८५ डेसिबल, हार्बेथची ८३.५. माझ्या साठ वॅटच्या ॲम्प्लिफायरवर केफ पुरेसा मोकळा होतो, त्याहून कमी ताकदीवर मी घेतला नसता. दुकानदाराने हजारोंची केबल गळ्यात मारायचा प्रयत्न केला, ती घेतली नाही. त्याऐवजी लोहामंडीतून पाईप आणून वेल्डिंगवाल्याकडून स्टँड करून घेतले, आत कोरडी वाळू ठासली. फरक त्याने पडला.

एक तक्रार उरतेच: जाळी सोबत येत नाही. उघडा चकचकीत वूफर दिसला की भाच्याचं बोट तिकडेच जातं. जाळी वेगळी घ्यावी लागली.

एकटे खुर्चीत बसून, भिंतीलगत स्पीकर ठेवून फक्त गायन ऐकणार असाल आणि खिसा परवानगी देत असेल, तर डोळे मिटून हार्बेथ घ्या. तो बराच महाग आहे. चारजण गादीवर, एकजण खुर्चीवर अशी मैफल जमत असेल, तर केफ. डग्ग्यासाठी लहानसा सबवूफर जोडायचा विचार आहे, पण आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारावं लागेल.