आरटीई २५ टक्के प्रवेश पोर्टल: अर्ज सोपा, परीक्षा पडताळणीच्या टेबलावर

शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम १२(१)(सी) खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखायला सांगतं. महाराष्ट्रात या जागा प्राथमिक शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरून भरल्या जातात. २०२५-२६ साठी सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाखांच्या वर. एवढ्या गर्दीत शिफारशीची चिठ्ठी, देणगी, मुलाखत या कशालाच वाव न ठेवता नंबर सोडतीने लागतो, ही या सेवेची सगळ्यात मोठी कमाई आहे. पण सोडतीत नाव लागणं आणि मूल वर्गात बसणं यांच्या मधे कागदपत्रांच्या पडताळणीचं टेबल आहे, आणि खरी गळती तिथे होते. त्या गळतीचं मूळ बहुतेक वेळा अर्ज भरतानाच्या दहा मिनिटांत असतं.

सुरुवातीला शाळांचे प्रकार नीट ओळखायला हवेत, कारण पोर्टलवर आपल्या ओळखीची शाळा दिसली नाही की पालक गोंधळतात. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या शाळा सरकारी. तिथे पहिली ते आठवीचं शिक्षण सगळ्यांनाच मोफत. अनुदानित शाळेचं व्यवस्थापन खासगी संस्थेकडे असतं, पण शिक्षकांचा पगार शासन देतं. विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा स्वतःच्या फीवर चालतात. २५ टक्क्यांची सोडत आहे ती या शेवटच्या गटासाठी. त्यातूनही अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळा वगळल्या जातात, कारण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा त्यांना लागू होत नाही असा निकाल दिला. शेजारची नावाजलेली कॉन्व्हेंट यादीत का नाही, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

आता प्रत्यक्ष अर्ज. नोंदणी, मुलाची माहिती, पालकांची माहिती, शाळांची निवड आणि शेवटी अर्ज कायम करणं, असा सरळ क्रम आहे. मराठीतून सूचना आहेत, फी नाही, मोबाइलवरूनही भरता येतो, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मदत केंद्रं आहेत. जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात. वयाची अट पहिलीसाठी ३१ डिसेंबरला किमान ६ वर्षं पूर्ण अशी आहे. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. एक चूक मात्र जिवावर बेतते: एकाच मुलाचे दोन अर्ज. एक आईच्या मोबाइल नंबरवरून आणि एक काकांच्या, म्हणजे संधी दुप्पट, असा समज आहे. नाव थोडं बदलून भरलेला दुसरा अर्जही उघडकीला आला की प्रवेश रद्द होतो.

सगळ्यात नाजूक भाग नकाशाचा. पत्ता टाईप केला की गुगल नकाशावर एक लाल फुगा उभा राहतो, आणि तो पुष्कळदा घरावर पडतच नाही. गल्लीचं नाव नकाशाला ठाऊक नसलं तर फुगा गावाच्या मध्यावर, एखाद्या चौकात किंवा पोस्ट ऑफिसवर जाऊन बसतो. त्याला बोटाने ओढत आपल्या इमारतीच्या छपरावर आणून ठेवायचं असतं. सॅटेलाइट दृश्य चालू केलं तर छप्पर, शेजारचं मैदान, पाण्याची टाकी ओळखू येते, आणि तोच खात्रीचा मार्ग. या फुग्यापासून शाळेचं अंतर मोजलं जातं आणि २०२५-२६ च्या प्रवेशात १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य होतं. त्यानंतर १ ते ३ किलोमीटरमधल्यांचा विचार झाला. म्हणून फुगा शाळेजवळ सरकवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि सायबर कॅफेवालाही कधी कधी तोच सल्ला देतो. तो ऐकू नये. पडताळणी समिती रहिवासी पुराव्यावरचा पत्ता आणि नकाशावरची जागा समोरासमोर ठेवते. जुळलं नाही तर सोडतीत लागलेला नंबर तिथेच संपतो. प्रामाणिक पालकाचा फुगा निष्काळजीपणे चौकात राहिला असला, तरी परिणाम तोच.

कागदपत्रांत भाडेकरूंना सगळ्यात जास्त त्रास. रेशन कार्ड, वीज बिल, घरपट्टी, मतदार ओळखपत्र, आधार यांपैकी काहीतरी रहिवासी पुरावा म्हणून चालतं. पण भाड्याच्या घराच्या पत्त्यावर यातलं काहीच नसेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो. नोटरी केलेला शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा करार चालत नाही. करार अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. सोडत लागल्यावर धावपळ करून नोंदवलेल्या कराराचा काही उपयोग नाही, कारण तारीख लपत नाही. घरमालक नोंदणीला तयार नसेल तर त्याला अर्ज सुरू होण्याआधीच गाठावं.

जातीचा दाखला वडिलांचा किंवा मुलाचा, आणि महाराष्ट्रातला. परराज्यातला दाखला धरला जात नाही. कामासाठी इथे आलेली कितीतरी कुटुंबं या एका ओळीने बाहेर पडतात. वंचित गटातल्या जातींना उत्पन्नाची अट नाही. खुल्या प्रवर्गातल्या दुर्बल घटकासाठी मात्र वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं. महिन्याला ८,३३३ रुपये. दरमहा १२ हजार कमावणारा ड्रायव्हर या हिशेबात ‘दुर्बल’ ठरत नाही. ही मर्यादा आजच्या मजुरीशी जुळत नाही, आणि खोट्या उत्पन्न दाखल्यांच्या तक्रारींना ती स्वतःच खतपाणी घालते. मर्यादा वाढवल्याशिवाय ही तक्रार मिटणार नाही.

रचनेतला मोठा दोष असा की अर्ज भरताना कागद मागितले जात नाहीत. दावा करायचा, सोडतीत उतरायचं, आणि पुरावे नंतर दाखवायचे. अर्ज करणं त्यामुळे सोपं झालं, हे खरं. पण अपात्र अर्जही सोडतीत जागा अडवतात, ती जागा पडताळणीत मोकळी होते, मग प्रतीक्षा यादी हलते, मग पुन्हा मुदतवाढ. प्रतीक्षा यादीतल्या मुलाचे पालक जूनपर्यंत ताटकळतात आणि दरम्यान दुसऱ्या शाळेची फी भरून बसतात. निदान भाडेकरार आणि जातीचा दाखला या दोन गोष्टी अर्जासोबतच अपलोड करून घेतल्या तर निम्मा गोंधळ टळेल.

निवड झाल्याचा एसएमएस येतो, पण त्यावर विसंबू नये. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः पाहावं, अलॉटमेंट लेटरची प्रिंट काढावी आणि मूळ कागद व छायाप्रतींचे दोन संच घेऊन मुदतीच्या पहिल्या दोन दिवसांत समितीकडे जावं. समिती तालुक्याच्या किंवा शहरातल्या विभागाच्या पातळीवर असते. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो तिथे कळून सुधारायला वेळ उरतो. शेवटच्या दिवशी उरत नाही.

शाळा नाखूश का असतात, हेही समजून घ्यायला हवं. या मुलांची फी शासन शाळेला परत देतं: सरकारी शाळेत एका मुलामागे होणारा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी कमी असेल ती. राज्यात हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये राहिला आहे, आणि तोही वेळेवर मिळत नाही, थकबाकी वर्षानुवर्षं साचते. कमी फी घेणाऱ्या छोट्या शाळेला हा फटका सोसवत नाही. तिचा राग मग मुलाच्या पालकांवर ‘अॅक्टिव्हिटी’च्या पावत्यांच्या रूपात निघतो. शासनाने पैसे वेळेवर दिले तर अर्धे खटके उडणारच नाहीत.

९ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने वेगळीच वाट काढली होती: १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पोर्टलवर जिल्हा परिषदेच्या शाळाच समोर येऊ लागल्या आणि अर्ज आटले. जिथे प्रवेश आधीपासूनच सगळ्यांना खुला आहे, तिथे सोडतीने जायचं कशाला? मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला. बरं झालं. पण त्या वर्षीच्या मुलांचे प्रवेश शाळा सुरू होऊन गेल्यावर झाले.

प्रवेश घेताना शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर लेखी मागावं. पुस्तकं आणि गणवेश कोण देणार? बस आणि जेवण यांचे पैसे किती, आणि ती सक्तीची आहेत का? आणि नववीची फी किती? कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंत आहे. नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीचं पत्रक घरी येतं. तेव्हा शाळा बदलायची तर मुलाच्या मैत्र्या, भाषा, माध्यम सगळं त्या शाळेत रुजलेलं असतं. म्हणून सातवीतच जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेची चौकशी करून ठेवावी. तिथे त्याच माध्यमाची तुकडी आहे का आणि नववीला किती जागा रिकाम्या होतात, हे मुख्याध्यापकांना भेटून विचारलं तर कळतं.