हाताचा पंप की मोटरवाला? दोन्ही वापरून झाल्यावरचं मत

आईचं दूध काढायचा पंप घ्यायचा की नाही, हा प्रश्न तुमच्यापुरता सुटलाय असं धरून चालते. बाळ दिवसभर जवळ असेल आणि अंगावर नीट पीत असेल, तर पंप बहुधा कपाटातच पडून राहील. पण कामावर परत जायचंय, बाळ ओढत नाहीये किंवा रात्रीचं एखादं पाजणं घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवायचंय, असं काही असेल तर गाडी इथे येऊन अडते: हाताने दाबायचा साधा पंप घ्यावा की मोटरवाला? मी आधी मोटरवाला वापरला, दोन्ही बाजूंचं दूध एकदम काढणारा. मग हाताचा. सक्शन किती, बॅटरी किती वेळ चालते हे खोक्यावर छापलेलं असतं, त्यात इथे शिरत नाही.

आधी मोटरवाल्याची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. दोन्हीकडचं दूध एका बैठकीत निघतं आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. बऱ्यापैकी पंपाला दोन चाली असतात. सुरुवातीला भरभर, हलके झटके आणि पान्हा फुटला की सावकाश, खोल ओढ. बाळही असंच पितं: आधी नुसतं लुचलुच, मग दूध वाहू लागलं की साधारण सेकंदाला एकदा ओढायचं. दिवसात तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळेत, बंद खोलीत बसून दूध काढायचं असेल तर मोटरवाल्याला नावं ठेवायला जागा नाही.

बाळ दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलं असेल आणि काचेच्या पेटीत असेल, तर मात्र ही तुलना वाचूच नका. तिथे दूध येणं आणि टिकणं सगळं पंपावरच असतं. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, रात्रीसकट. हाताच्या पंपाने हे करायला गेलात तर आठवडाभरात मनगट बोलायला लागेल. रुग्णालयात वापरतात तो मोठा पंप भाड्याने मिळाला तर उत्तम. शिवाय त्याला नुसत्या हाताचीही जोड द्या. बालरोगतज्ज्ञ जेन मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मुदतपूर्व बाळांच्या आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पंपासोबत हाताने दाबूनही दूध काढणाऱ्या आयांना जास्त दूध आलं होतं. अगदी पहिल्या दिवसांतल्या चिकासाठी तर बोटंच बरी. थेंबाथेंबाने येणारा चीक पंपात गेला की स्तनावर बसवायच्या फनेललाच चिकटून बसतो.

आता मला ज्याने हैराण केलं ते सांगते. धुणं.

मोटरवाल्याच्या एका बाजूचे भाग मोजा: फनेल, त्याचा सांधा, पातळ पडदा, व्हॉल्व्ह, बाटली, दूध नळीत चढू नये म्हणून बसवलेली चपटी वाटी आणि नळी. दुसऱ्या बाजूचे पुन्हा तेवढेच. यातलं दुधाला लागलेलं सगळं प्रत्येक वेळी सुटं करून, साबणाने चोळून, वाहत्या पाण्याखाली धुवायचं. तेही सिंकमध्ये ठेवून नाही, तर फक्त याच कामाच्या वेगळ्या पातेल्यात. वर फडक्याने पुसायचंही नाही, हवेवर वाळू द्यायचं. हे नियम उगाच केलेले नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये 2016 साली एका मुदतपूर्व बाळाला क्रोनोबॅक्टर या जंतूचा गंभीर संसर्ग झाला होता. तोच जंतू आईच्या पंपावर आणि घरातल्या सिंकच्या भोकात सापडला. पंपाचे भाग न चोळता तासन्‌तास साबणाच्या पाण्यात भिजत ठेवले जायचे. हे वाचल्यावर "राहू दे, सकाळी धुते" म्हणायची सोय उरली नाही.

त्यातही खरा वैरी म्हणजे तो व्हॉल्व्ह. करंगळीच्या पेराएवढी रबरी चोच आणि टोकाला एक बारीक चीर. दुधाचा स्निग्धपणा नेमका त्या चिरेत जाऊन बसतो. दोन बाजूंनी हलकं चिमटीत धरलं की चीर उघडते, मग आत पाणी सोडायचं. ब्रश घालायचा नाही आणि जोर तर मुळीच लावायचा नाही, नाहीतर फाटते. फाटली तरी डोळ्यांना दिसत नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. मोटर घरघरत राहते, आकडा सगळ्यात वर नेऊन ठेवलेला असतो आणि बाटलीत मात्र थेंब थेंब. "माझं दूध आटलं" म्हणून रडवेल्या झालेल्या आयांपैकी काही जणींचा व्हॉल्व्ह तेवढा गेलेला असतो, दूध जागेवरच असतं. काळजी वाटली की पान्हा आणखी अडतो, तो भाग निराळाच.

कामाच्या ठिकाणी हे सगळं सामायिक बेसिनवर करायचं. शेजारी कुणीतरी डबा विसळतंय आणि आपण त्या चोचीत पाणी सोडतोय. दूध काढायला जेवढा वेळ लागायचा, जवळपास तेवढाच धुण्यावाळवण्यात जायचा. म्हणजे वाचलेला वेळ सगळा नळाखाली वाहून गेला. न धुता पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि पुढच्या वेळी तसंच वापरायचं, ही युक्ती बऱ्याच जणी सांगतात. मोठ्या, निरोगी बाळाच्या बाबतीत त्या करतही असतील. मला धीर झाला नाही. जाता जाता एक गंमत: 1920 च्या दशकात ज्यांनी यांत्रिक पंप बनवले त्यांत एडवर्ड लास्कर हे अभियंता होते, बुद्धिबळातलं नावाजलेलं नाव. पुढच्या चालींचा विचार करणारा माणूस, पण पंप धुवायचा कुणी, हा विचार त्यांनी केला असेल असं वाटत नाही.

हाताच्या पंपात फनेल, दांडा, एक पडदा, एक व्हॉल्व्ह आणि बाटली. नळी नाहीच, त्यामुळे नळीत पाण्याचे थेंब साठून ती गरागरा फिरवत बसण्याचा प्रकारही नाही. धुणं चहाचे दोन कप विसळावेत इतक्यात आटोपतं. आवाज जवळजवळ नाही. मोटरवाला रात्री चालू केला की त्या लयीतून शब्द ऐकू यायला लागतात, हा अनुभव बऱ्याच जणींना येतो. माझा पंप "नको आता, नको आता" म्हणायचा.

दूध कमी नाही का निघत, हा पुढचा प्रश्न. मी काही मापं लिहून ठेवली नाहीत, पण मला कमी वाटलं नाही. उलट लय आपल्या हातात असल्यामुळे पान्हा फुटल्याचं जाणवलं की त्याच क्षणी दाब लांबवता येतो. मोटरवाल्यात तेव्हा बटण शोधत बसावं लागायचं. ही फक्त माझीच समजूत आहे असंही नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, दूध काढण्याच्या पद्धतींवरच्या 2016 च्या आढाव्यात असंच दिसलं की आधी शेक देणं, मालिश, मन शांत करणारं काही ऐकणं, हाताने किंवा स्वस्तातल्या पंपाने काढणं हे उपाय काही बाबतींत मोठ्या मोटरवाल्या पंपांइतकेच किंवा जास्त उपयोगी पडतात. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर चालतो, आणि ऑक्सिटोसिनला यंत्राच्या किमतीशी देणंघेणं नसतं.

आणखी एक गोष्ट, थोडी उलटी वाटेल अशी. हाताचा पंप दमवतो, म्हणून आपण थांबतो. मोटर दमत नाही. फ्रीजर भरायच्या नादात गरजेपेक्षा जास्त दूध काढत राहिलं की शरीर तेवढं जास्त बनवायला लागतं, मग छाती दगडासारखी होते आणि गाठी येतात. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शनातही सूज आलेली असताना "पूर्ण रिकामं करा" म्हणून पंप करत राहू नका, असंच सांगितलंय. जोरजोरात चोळूही नका, गार शेक द्या.

हाताच्या पंपात खोट नाही असं अजिबात नाही. एका वेळी एकच बाजू, आणि तेवढ्यात दुसरीकडून गळत राहतं. दुसरा हात अडकलेला, त्यामुळे फोन उचलणंही जमत नाही. आणि अंगठा. बाळाला सारखं उचलून मनगटाची अंगठ्याकडची बाजू दुखायला लागणं, ज्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, हे नव्या आयांमध्ये नेहमीचंच आहे. ते दुखणं आधीच सुरू झालं असेल तर दांडा दाबणं म्हणजे शिक्षा. मोटरवालाच घ्या, आणि घरातल्या दुसऱ्या माणसावर धुण्याचं काम सोपवता आलं तर बघा. ते जमलं तर माझी निम्मी तक्रार बाद होते, हे मान्य करायला हवं. कपड्यांच्या आत बसणारे बिनतारी पंपही निघालेत, पण मी ते वापरलेले नाहीत. मैत्रिणींचे सुटे भाग पाहिले आणि उत्साह तिथेच संपला.

फनेलच्या मापाकडे मात्र दोन्हीत लक्ष द्या. बऱ्याच पंपांसोबत 24 मिलिमीटरचं येतं आणि ते सगळ्यांना बसतंच असं नाही. स्तनाग्र कडेला घासत असेल, पांढरं पडत असेल किंवा भोवतालचा काळसर भागही आत ओढला जात असेल, तर माप चुकलंय. अशा वेळी सक्शन वाढवून दूध वाढत नाही, जखम वाढते. दुखत असताना दात-ओठ खात बसू नये.

बहिणीचा किंवा मैत्रिणीचा जुना मोटरवाला पंप घरात पडलाय, म्हणून निवड आपोआप झाली असं समजू नका. घरगुती वापराचे बरेच पंप एकीनेच वापरायचे असतात. काहींची रचना अशी असते की दुधाची वाफ थेट मोटरपर्यंत पोचते, आणि मोटर काही उकळता येत नाही.

कामाच्या दिवसात एक-दोनदाच दूध काढायचं असेल आणि मनगट ठीक असेल, तर मी आधी हाताचा घ्या म्हणेन. नाही जमला तर मोटरवाला नंतरही आणता येतो, आणि वीज गेलेली असताना किंवा प्रवासात हाताचाच लागतो. तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा काढायचं असेल तर मोटरवाला घ्या, पण दोन्ही बाजूंचे सुटे भाग आणखी एक जोड घेऊन ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी बेसिनपाशी उभं राहावं लागणार नाही. आणि पंप कुठलाही घ्या, व्हॉल्व्ह मात्र त्याच दिवशी दोन जादा घ्या. पुढे तेच मॉडेल दुकानात मिळेनासं होतं.