लिलाव हरल्यावर आलेला फोन

बेळगाव तालुक्यातली भाजी रोज गोव्याला जाते. ती घेऊन चोर्ला घाट उतरणाऱ्या पिकअपसारखीच एक गाडी आम्हाला हवी होती. नवीचा हप्ता झेपणारा नव्हता, म्हणून चुलतभाऊ हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांचे ऑनलाइन लिलाव बघू लागला. आपल्याकडे खानापूरपासून निपाणीपर्यंत बरीच पोरं आता याच नादात आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी कोल्हापूरजवळच्या एका यार्डात होती, एमएच-०९ पासिंगची. लिलावाआधी बघायची सोय होती, गेलो. बॅटरी काढलेली, स्टेपनी गायब, सीटखाली मागच्या मालकाची तंबाखूची पुडी तशीच. भावाने चेसिसवरचा गंज अंगठ्याने घासून नंबर वाचला, मी तो आरसीच्या फोटोशी ताडून पाहिला. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर बोजा (गाडीवरचं कर्ज), विमा, फिटनेस बघितलं. ई-चलनाच्या साइटवर चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून थकलेला दंडही काढला. यार्डाच्या गेटवर एक वही असते. येणाऱ्याने नाव, गाव, मोबाइल आणि कुठली गाडी बघायची ते लिहायचं. आधी येऊन गेलेल्या सगळ्यांची माहिती त्यात उघडी दिसते. ही वही लक्षात ठेवा.

बोलीत आम्ही २,३५,००० वर थांबलो. बोलीचा आकडा म्हणजे गाडीची किंमत नव्हे. त्यावर साइटचं शुल्क, शुल्कावर जीएसटी, उशीर झाला तर यार्डाचं भाडं. एमएच गाडी केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगची करायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), फायनान्सचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, आणि इकडे कर्नाटकाचा रोड टॅक्स. हे सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. कुणीतरी पाच हजारांनी वर गेला, आम्ही सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. बोलणं अगदी स्वच्छ, पुण्याकडचं. "दादा, पहिल्या पार्टीचं पेमेंट आलेलं नाही. दोन नंबरला तुम्हीच आहात. तुमच्याच बोलीला गाडी देतो. फक्त संध्याकाळपर्यंत पंचवीस टक्के भरा, नाहीतर तीन नंबरला विचारावं लागेल." लॉट नंबर (लिलावातला गाडीचा क्रमांक) बरोबर, आमची शेवटची बोली बरोबर. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्याचं पत्र आलं, खाली खाते क्रमांक. खातं कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं.

पहिला माघारी गेला तर पुढे काय, हे बघायला आम्ही साइटच्या अटी उघडल्या. बोली मागे घेता येणार नाही, हे लिहिलं होतं. गाडी जशी आहे जेथे आहे तशीच मिळेल, हेही होतं. कंपनी जबाबदार नाही, हे तर तीन ठिकाणी. पण दोन नंबरच्या माणसाला विचारतात, की लिलाव पुन्हा लावतात, आणि पैसे कुणाच्या खात्यावर जातात, यावर एक अक्षर नाही. मदतीच्या नंबरवर नुसती रिंग. भाव कमी म्हणून लोक फसतात असं म्हणतात. इथे भाव आमचाच होता. ठग शिरला तो न लिहिलेल्या नियमातून.

५८,७५० रुपये गेले.

दुपारी पुन्हा फोन: एनओसीचे १८,५०० पाठवा, बेळगाव आरटीओतून काढून देतो. इथे गडी घसरला. सीमेवर राहणाऱ्याला हे पाठ असतं: गाडी जिथे नोंदलेली, तेच ऑफिस एनओसी देतं. म्हणजे कोल्हापूर. बेळगाव ती फक्त घेतं. भाऊ म्हणाला, "ह्यो यार्डातला माणूस न्हवंच." यार्डाच्या गेटवर फोन लावला, तर लिलाव जिंकणारा पैसे भरून सकाळीच गाडी घेऊन गेला होता.

त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. हे पहिलं काम, बँकेत जायच्याही आधी, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात आणि मध्येच अडवता येतात ते याच रस्त्याने. मग बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यात. तक्रार कन्नडमध्ये टाइप झाली. सही करण्याआधी ती पूर्ण वाचून, मराठीत समजावून द्या असं आम्ही सांगितलं, आणि हवालदारांनी न कुरकुरता दिली. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा ओळख क्रमांक) त्यात एका आकड्याने चुकला होता, तो तिथेच दुरुस्त झाला. तो तसाच राहिला असता तर पुढे बँकेने हात वर केले असते. २१,००० दुसऱ्या एका खात्यात गोठलेत. ते परत मिळू शकतील. बाकीचे एटीएममधून काढले गेले.

साइटचं उत्तर काय? "आम्ही फक्त मंच आहोत." बोलींच्या यादीत नावाचं पहिलं अक्षर, गाव आणि रक्कम कुणालाही दिसते, ती यादी आणि गेटवरची वही शेजारी ठेवली की कुणाला फोन करायचा ते कळतं. याबद्दल चकार शब्द नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा मंचाने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा असतो, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. इथे नावाच्या जागी नुसता एक ईमेल होता. आता १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. धंद्याची गाडी म्हणून ग्राहक नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका; स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात बसते.

आणखी एक, जे आम्हाला वकिलांनी सांगितलं. मालकाने आपलीच माणसं बसवून खोट्या बोलीने भाव चढवला, तर घेणाऱ्याला तो सौदा मोडता येतो. माल विक्री कायदा, कलम ६४. कायदाही १९३० चाच, त्यामुळे आकडा लक्षात राहतो! अर्थात खोटी बोली सिद्ध करायची म्हणजे बोलींची यादी हातात हवी, म्हणून लिलाव चालू असतानाच स्क्रीनशॉट काढत जा.

गाडी अजून घ्यायचीच आहे. यावेळी अनामत भरण्याआधी आम्ही तीन साइटना तेच प्रश्न ईमेलने पाठवले: जिंकणारा पळाला तर काय करता, पैसे कुणाच्या नावाच्या खात्यावर, अनामत किती दिवसांत परत, बोली लावणाऱ्याचं नाव-गाव इतरांना दिसतं का. एकीने मुद्देसूद उत्तर दिलं, खाली अधिकाऱ्याच्या नावासकट: दोन नंबरला बोलावत नाही, लिलाव नव्याने लावतो, फोनवरून पैसे मागत नाही. दुसरीने अटींची लिंक पाठवली. तिसरीकडून उत्तराऐवजी एका एजंटाचा फोन आला, "दादा, कुठली गाडी बघताय?" पहिलीकडे अनामत भरली आहे. पुढचा लॉट हुबळीच्या यार्डातला आहे, केए पासिंगचा, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या एनओसीचं झंझट तरी नाही.