सुती, टेरिकॉट, रेयॉन, पॉलिस्टर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा अंगावर काढून

मार्चपासून दिवाळीपर्यंत रोजचे कपडे ठरवून चार प्रकारांत वापरले: शंभर टक्के सुती, पॉलिस्टर-कॉटन मिश्रणाचे (आमच्या घरात अजून टेरिकॉटच), रेयॉनच्या कुर्त्या आणि निव्वळ पॉलिस्टर. राहायला डोंबिवली, नोकरी परळला, जाणं-येणं लोकलने. घरी धुण्याचं मशीन आहे, पण वाळत घालायला बाल्कनीतल्या चार दांड्या, बस. हे आधीच सांगते, कारण कुठलं कापड चांगलं असं कोणी विचारलं तर मी आता उलट विचारते, कपडे वाळवता कुठे? नागपूरच्या मे महिन्यात बघता बघता वाळणारा सुती कुर्ता आमच्याकडे जुलैत दोन-दोन दिवस लोंबत असतो.

उन्हाळ्यात सुतीला तोड नाही, हे काही नवीन नाही. पण त्यामागचं कारण कळल्यावर माझी खरेदी बदलली. कापसाचा धागा ओल पोटात घेतो. हाताला कोरडा लागणारा सुती सदराही हवेतलं बाष्प धरून वजनाच्या सात-आठ टक्के पाणी बाळगून असतो. पॉलिस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही. म्हणून पॉलिस्टरच्या साध्या शर्टात घाम पाठीवरच ओघळत राहतो. खेळाच्या टी-शर्टांची रचना वेगळी. त्यांतही धागा घाम पीत नाही, पण बारीक तंतूंच्या फटींतून घाम बाहेरच्या अंगाला पसरतो आणि वाऱ्याने उडून जातो. वारा मात्र हवाच. लेक सकाळी मैदानावर तो टी-शर्ट घालून पळतो तेव्हा कपडा चोख काम करतो. तोच मी घालून फास्ट लोकलमध्ये चौघींच्या मध्ये चेपून उभी राहिले, तर ठाणं यायच्या आत तो प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा चिकटतो. ‘कूल’, ‘ड्राय’ अशी लेबलं वाचताना हे लक्षात ठेवा.

सुतीतही प्रकार आहेत, आणि रोजच्यासाठी माझं मत केंब्रिकला, म्हणजे घट्ट विणीच्या तलम सुती कापडाला. मलमल अंगाला सगळ्यात गार, पण अस्तर लागतं, आणि अस्तर पॉलिस्टरचं लावलं की मलमल घेण्यात अर्थच उरत नाही. शिंप्याला अस्तर सुतीच हवं असं बजावून सांगा. खादी मला आवडते. जाड खादी मात्र पावसाळ्यात कपाटातच राहते. लिनन खरं तर सुती नव्हे, जवसाच्या झाडाच्या धाग्याचं. सुंदर, महाग आणि बसल्या जागी चुरगळणारं.

हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटात कापड घेताना ‘प्युअर कॉटन आहे’ हे वाक्य प्रत्येक गाळ्यावर ऐकू येतं. माझी पद्धत जुनीच आहे. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे घरी आणायचे, उभा एक, आडवा एक, आणि स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून पेटवायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, मागे बोटाने चुरडेल अशी मऊ राख. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. फक्त रेयॉन या परीक्षेत सापडत नाही, ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं, म्हणजे तेही झाडाचंच, आणि सुतीसारखंच जळतं.

रेयॉनबद्दल जरा सविस्तर, कारण आज दुकानातल्या निम्म्या कुर्त्या त्याच्या आहेत आणि विकणारा बिनदिक्कत ‘कॉटनच हो ताई’ म्हणतो. पहिला महिना मी खूश होते. झुळझुळीत पोत, रंग खुललेले, घाम शोषायला सुतीपेक्षा काकणभर सरसच. तक्रार धुण्यापासून सुरू होते. सुती धागा ओला झाला की आणखी मजबूत होतो. रेयॉनचं उलट, ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. म्हणजे जिथे कापडावर सगळ्यात जास्त ताण येतो, पिळताना आणि मशीनमध्ये फिरताना, तिथेच ते सगळ्यात कच्चं असतं. एका कुर्तीची बाही काखेत उसवली नाही, सरळ फाटली. दुसरीचा घेर दांडीवर ओला लोंबून एका बाजूने खाली आला. आता उरलेल्या कुर्त्या जाळीच्या पिशवीत घालून कमी वेळाच्या धुण्याला टाकते, पिळत नाही, आणि पाटावर टॉवेल अंथरून त्यावर आडव्या वाळवते. एवढी बडदास्त रोजच्या कपड्याची कोण ठेवणार?

जूनच्या मध्यावर सगळं गणित फिरलं. हवेतच इतकी ओल की सुती कपड्यातलं पाणी जायला जागा नाही. संध्याकाळी हात लावावा तर कपडे सर्दावलेले, दुसऱ्या दिवशी कुबट वास, आणि तसेच घडी घातले तर काळे ठिपके. ते ठिपके बुरशीचे, कापसावर ती आवडीने वाढते आणि एकदा धरली की जन्माची. या दिवसांत टेरिकॉटने लाज राखली. ऑफिसच्या शर्टांत पॉलिस्टर आणि कापूस साधारण दोनास एक या प्रमाणात असतात. रात्री धुवून पंख्याखाली टाकलेला शर्ट सकाळी घालण्याजोगा होतो, इस्त्रीही जुजबी लागते. सासऱ्यांच्या पिढीने टेरिकॉटवर एवढं प्रेम का केलं, हे कोकणपट्टीत चार महिने काढल्याशिवाय कळायचं नाही. वाईट एवढंच की जिथे घासलं जातं तिथे, कॉलरला आणि पर्सच्या पट्ट्याखाली, बारीक गोळे धरतात. सुतीवरचे गोळे गळून जातात. इथे पॉलिस्टरचा चिवट तंतू त्यांना सोडत नाही.

आता वासाचं. पॉलिस्टर पाणी घेत नाही, पण अंगाचं तेल मात्र घट्ट धरून ठेवतं, म्हणून धुतलेला टी-शर्टही अंगात घालून दहा मिनिटं झाली की पुन्हा वास मारू लागतो. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे कपडे तपासले होते. सुतीपेक्षा पॉलिस्टरचा वास जास्त उग्र निघाला, आणि तो वास करणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिस्टरवर चांगले पोसतात असं त्यांना दिसलं. लेकाच्या टी-शर्टांवर मला लागू पडलेला उपाय असा: घामेजलेला कपडा बॅगेत कोंबून ठेवायचा नाही, आतली बाजू बाहेर काढायची, कोमट पाण्यात एन्झाइमवाली पावडर घालून अर्धा तास भिजवायचा, मग मशीन. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही. त्याचा थर तंतूंवर बसतो, घाम पसरण्याची वाट बुजते आणि तेल आणखी धरलं जातं. टॉवेललाही मी तो लावत नाही. मऊ होतात पण पाणी टिपत नाहीत. उकळतं पाणी पॉलिस्टरला नको, सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि त्या गरमीत पडलेली चुणी पक्की बसते.

सुतीचे धुण्याचे प्रश्न वेगळे, पण ते सुटणारे असतात. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं. त्यात साबणाच्या वडीचा पांढरा साका कापडात बसून पांढरे कपडे करडे पडतात. तेवढे महिने वडी बंद, फक्त डिटर्जंट. हळदीचा डाग साबणाने लाल झाला की घाबरायचं कारण नाही, हळद क्षाराने लाल होतेच. धुवून कडक उन्हात टाका, डाग उडतो. रंग जाऊ नये म्हणून नव्या कपड्याला मिठाच्या पाण्यात बुडवायची पद्धत आमच्याकडेही होती. रंगवताना मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं हे खरं, पण सुटलेला रंग ते परत बांधून ठेवत नाही. नवे गडद कपडे दोन-तीनदा वेगळे, गार पाण्यात, एवढंच. शिवायला टाकण्याआधी सुती कापड पाण्यातून काढायला मात्र विसरू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात कुर्ता आखूड होतो.

इस्त्रीचा खर्च सुतीच्या किमतीत धरायलाच हवा. आमच्या इस्त्रीवाल्याचं महिन्याचं बिल एप्रिलात आणि ऑगस्टमध्ये एवढं वेगळं येतं की त्यानेच विचारलं, वहिनी, गावाला गेला होता का? त्याला टेरिकॉट वेगळं काढून द्यावं लागतं. सुतीच्या तापलेल्या इस्त्रीने त्यावर कायमची चकाकी येते.

सासूबाईंचा एक नियम मी न तपासता मान्य केला आहे: गॅसपाशी आणि फटाक्यांजवळ पॉलिस्टर-नायलॉन नको. सुतीही पेटतं, आणि झपाट्याने पेटतं, पण ते वितळून कातडीला चिकटत नाही.

धुण्याबरोबर बारीक प्लॅस्टिकचे तंतू गटारात जातात, हेही पॉलिस्टर-अ‍ॅक्रिलिकच्या खात्यात येतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात अ‍ॅक्रिलिकच्या सहा किलो धुण्यातून सात लाखांवर तंतू सुटतील असा अंदाज निघाला. पॉलिस्टर-कॉटन मिश्रणातून त्याहून बरेच कमी. मी मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावत नाही आणि पाणी गार ठेवते. हिवाळ्यात अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर घालायची वेळ डोंबिवलीत तशीही फारशी येत नाही.

येत्या मार्चची यादी तयार आहे. केंब्रिकच्या चार कुर्त्या शिवून, सुती अस्तरासह. जूनच्या आधी टेरिकॉटचे दोन शर्ट. निव्वळ पॉलिस्टर फक्त लेकाच्या मैदानापुरतं आणि माझ्या रेनकोटापुरतं. रेयॉनच्या उरलेल्या कुर्त्या घरात घालून संपवणार. लिननचा विचार पगारवाढीनंतर.