पत्ता पालथा ठेवायचा: प्लॅनिंग पोकरचे आठ महिने

हिंजवडीत आमची सात जणांची सॉफ्टवेअर टीम. प्लॅनिंग पोकर म्हणजे कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज आकड्यांच्या पत्त्यांनी काढायचा. ते पत्ते आणून आठ महिने झाले, दर सोमवारी वापरतो.

आधी काय व्हायचं, तर कामाचा अंदाज काढायला बसलो की लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, म्हणायचा, "दोन-तीन दिवसांचं काम आहे रे." मग सगळ्यांच्या तोंडी तीन. मनात आठ धरून आलेल्या मलाही तीन पटायला लागायचे. कुणी खोटं बोलत नव्हतं. पहिला आकडा कानावर पडला की आपलं गणित त्याच्याच भोवती फिरतं. मुचनिक, अरल आणि टेलर या संशोधकांनी 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात असंच काहीसं मोजून दाखवलं: वेबसाइटवर वाचकाची प्रतिक्रिया आल्या आल्या तिला मुद्दाम एक पसंतीचं मत दिलं, की पुढच्या वाचकानेही पसंती देण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि शेवटचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी चढले. मुद्दाम दिलेली नापसंती मात्र पुढच्यांनी भरून काढली. ते वाचलं आणि पत्ते मागवले.

पद्धत जेम्स ग्रेनिंग यांची, 2002 सालची. आमच्या पत्त्यांवर 1, 2, 3, 5, 8, 13 असे आकडे. आपला पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा.

जूनमधला एक सोमवार विसरणार नाही. पगाराच्या रिपोर्टचं काम होतं. सहा जणांचे 3. नवीन आलेली टेस्टर पत्त्यावर अंगठा दाबून बसलेली. उलटला तर 13! "जुन्या डेटात तारखा दोन तऱ्हेने भरल्यात. 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च?" आमच्या कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. काम अकरा दिवस चाललं. तोंडी विचारलं असतं तर ती सातवी बोलली असती, आणि मला खात्री आहे, तीनच म्हणाली असती.

तक्रारी आहेत. कागद पातळ, ट्यूबलाइटसमोर धरला की आकडा आरपार दिसतो. घरून जोडलेले लोक कॅमेऱ्यासमोर पत्ता धरायला क्षणभर उशीर करतात आणि तेवढ्यात बदलतात. आता 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर सगळे एकदम चॅटमध्ये आकडा टाकतात. खरी अडचण दुसऱ्या फेरीची, म्हणजे आकडे जुळले नाहीत की चर्चा करून पुन्हा पत्ते टाकतो तिची. मधल्या चर्चेत लीड आधी बोलला की पुन्हा सगळे त्याच्याच आकड्यावर. हे पत्त्यांनी सुटत नाही. सर्वात कमी आणि सर्वात जास्तवाल्यांनी आधी बोलायचं, लीडने शेवटी, हा नियम लीडनेच घातला, तेव्हा कुठे फरक पडला.

घ्यायचेच असतील तर जाड कागदाचे घ्या. आमच्या 3 आणि 5 चे कोपरे आत्ताच मऊ पडलेत.