कास्टिंग क्रीम ग्लॉस: सावळ्या-गव्हाळ रंगाला कुठली छटा?

लॉरिआलचा केसांचा हा अमोनियाविरहित रंग घेताना खोक्यावरची मॉडेल बघू नका, आकडा बघा. पहिला आकडा गडदपणा सांगतो: 3 सर्वांत गडद तपकिरी, 4 गडद, 5 मध्यम.

मोठी मर्यादा आधीच सांगतो. हा रंग काळे केस उजळवत नाही. काळ्याभोर केसांवर 5 लावून तपकिरी दिसेल ही अपेक्षा फोल. उन्हात जेमतेम झाक मिळते. छटा खरी उतरते ती पांढऱ्या केसांवर, म्हणून तुरळक पांढऱ्यांसाठी हा उत्तम.

निवड करताना त्वचेची मूळ झाक कळावी म्हणून मनगटाच्या शिरा दिवसाच्या उजेडात बघा. म्हापशाच्या बाजारातल्या दुकानात ट्यूबलाइटखाली त्या सगळ्यांच्याच निळ्या दिसतात, तेव्हा दारात या. शिरा हिरवट असतील तर चॉकलेटी छटा खुलते, राखी झाकेने मात्र सावळा चेहरा फिकुटलेला वाटतो. निळसर-जांभळट असतील तर 316 बरगंडी शोभते. ठरत नसेल तर 400 घ्या, फसणार नाही.

गोव्यात बरगंडीचा लाल लवकर उडतो: ऊन, खारं पाणी, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन. पोहण्याआधी केस गोड्या पाण्याने भिजवून थोडं खोबरेल लावा; भिजलेले केस खारं पाणी कमी शोषतात.

ॲलर्जी तर नाही ना हे बघायला आधी कानामागे थोडासा लावून 48 तास थांबाच. काळ्या मेंदीने कधी खाज सुटली असेल तर हा रंग नकोच.